बाभळीचा डस्टर आणि न पुसलेलं गणित

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलो आहे. पण एके काळी मी अख्खा होतो, अंगाने दणकट होतो, आणि टेबलावरून मला कुणी उचललं की नववीचा सगळा वर्ग एकदम खाली वाकायचा. असा मान तुमच्या शाळेतल्या हलक्याफुलक्या डस्टरला मिळत असेल असं मला वाटत नाही.

मी मूळचा बाभळीचा. आधी एका बैलगाडीचं जू होतो. कारखान्याच्या वाटेवर उसाने खच्चून भरलेली गाडी उतारावर सुटली आणि उलटली. डाव्या बैलाची मान माझ्याखाली मोडली आणि मीही मधोमध तडकलो. बैल तिथेच गेला. मला मालकाने गावी आणून धुळाजी सुताराच्या दारात टाकलं. आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं, दगडगोट्यांचं. तिथे बाभळीचं लाकूड कुणी वाया घालवत नाही.

एक दिवस शाळेतले गणिताचे गहिनीनाथ सर धुळाजीकडे आले. सर अंगाने आडदांड, मनगट कोयत्याच्या मुठीसारखं. ते संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे होते, त्यामुळे गावात त्यांना कुणी उलट शब्द बोलत नसे.

"दुकानातले डस्टर लई नाजूक, धुळाजी," सर म्हणाले. "दोनदा फेकला की फुटतो. असा कर, की फळा बी साफ झाला पायजे अन् पोरं बी."

धुळाजी हसला नाही. त्याने मला कापलं, रंधा मारला, खालून काळ्या घोंगडीचा तुकडा बारीक खिळ्यांनी ठोकला. मग तो माझे कोपरे घासायला बसला तेव्हा सर म्हणाले, "कोपरे राहू दे."

कोपरे राहिले. जुवाच्या काळातला बारीक तडाही माझ्या पोटात तसाच राहिला, पण तो कुणाला दिसला नाही.

सरांची शिकवण्याची रीत अशी होती. फळ्यावर गणित टाकायचं, एकाला उठवायचं, आणि त्याने खडू हातात घेतला न घेतला तोच ओरडायचं, "उत्तर!" उत्तर चुकलं की बोटांच्या पेरांवर मी बसायचो. घोंगडीच्या बाजूने नव्हे, लाकडाच्या. सुक्या शेंगा फोडल्यासारखा आवाज यायचा. मग चुकलेलं गणित पुसायचं, तेही पोराच्या गालाने. सर मानगूट धरून त्याचा गाल फळ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. गालाने जे राहील ते मी पुसायचो. पोरगं जागेवर जायचं तेव्हा एक गाल पांढरा आणि दुसरा लाल असायचा. बाकीचा वर्ग खी खी हसायचा, कारण आजची पाळी त्यांच्यावर आलेली नसायची.

मागच्या बाकावरच्याने चूक केली तर मी उडत जायचो. सर फेकण्यात पटाईत होते. सगळी डोकी बाकाखाली जायची, आणि ज्याला वाकायला उशीर झाला त्याला मी गाठायचो. बंकट नावाच्या मुलाच्या भुवईवर माझ्या कोपऱ्याची खूण अजून आहे. त्या दिवशी त्याचं रक्त भूमितीच्या पुस्तकावर सांडलं आणि पानं एकमेकांना चिकटून बसली.

खोटं कशाला सांगू, मला हवेतून सुटायला आवडायचं. जू असताना मी नुसता दाबलेला होतो. वर गाडीचा भार आणि खाली बैलाची मान. इथे मी मोकळा होतो, आणि माझा वचक होता.

पण एक गोष्ट मला तेव्हाही दिसायची. पोरं फळ्याकडे बघतच नसत. ती सरांच्या मनगटाकडे बघत. मनगट माझ्या दिशेने सरकलं की समजायचं उत्तर चुकलं, आणि लगेच दुसरं सांगायचं. "नऊ सर... न्हाई न्हाई, बारा... सोळा, सर, सोळा!" मनगट थांबलं की उत्तर बरोबर. पोरांना वाटायचं आपल्याला गणित येतं. त्यांना फक्त सरांचं मनगट वाचता येत होतं. चुकलेलं गणित तर लगोलग पुसलं जायचं, ते पुन्हा बघणार कोण? त्यामुळे यंदाच्या पोरांची जी चूक, तीच पुढच्या वर्षीच्या पोरांची. माझ्या घोंगडीत एकाच चुकीची भुकटी थरावर थर साचत होती.

त्या वर्गात हनुमान होता. ऊसतोडीला जाणाऱ्या सटवाचा मुलगा. थोराड हाडाचा, रागीट, मधल्या सुट्टीत दोघांना एका वेळी लोळवणारा. सुगीच्या दिवसांत तो आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायचा आणि परत आला की वर्ग त्याच्या पुढे निघून गेलेला असायचा. एकदा सरांनी त्याला उठवलं. हनुमानचं उत्तर चुकलं. मी उचलला गेलो, पण त्याने बोटं पुढे केली नाहीत.

"सर," तो म्हणाला, "आदी सांगा तरी, कसं करायचं असतं ते."

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. सर दोन ढांगांत त्याच्यापाशी गेले. या वेळी त्यांनी मला फेकलं नाही, हातात धरूनच मारलं. मी सपाट त्याच्या डाव्या कानावर बसलो. हनुमान बाकावर आपटला, उठला, पुन्हा आपटला. कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून शर्टाच्या आत गेली.

"नाटकं करू नको बे. बस खाली," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचं गणित टाकलं.

मग कान वाहायला लागला. त्याच्या आजीने त्याला बीडला दवाखान्यात नेलं. कानाचा पडदा फाटला होता, आत सगळं बिघडलं होतं. हनुमानचा डावा कान कायमचा गेला. सरांना कुणी काही विचारलं नाही. काही दिवसांनी हनुमान शाळेत आला आणि माझ्याकडे बोट दाखवून बंकटला म्हणाला, "ह्याच डस्टरनं त्याचं कपाळ फोडणार हाय मी. बघच तू."

मित्रांनो, मला काय आनंद झाला! ज्या हाताने मला इतकी वर्षं फेकलं, त्याच माणसाच्या कपाळावर जाऊन बसायचं. याहून मोठी फेक कुठली? मी त्या दिवसाची वाट बघू लागलो.

पुढच्या वर्षी जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि गहिनीनाथ सर त्यांच्या खुर्चीत बसले. दहावीच्या वर्गाला गणित शिकवायला पंचशीला मॅडम आल्या. त्या अंबाजोगाईला शिकलेल्या, तिकडच्याच एका खेड्यातल्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. माझ्याबरोबर नववीची तीच पोरं दहावीच्या खोलीत आली होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'आठ मजूर एक काम बारा दिवसांत करतात. तर सहा मजूर तेच काम किती दिवसांत करतील?' आणि नेमकं हनुमानला बोलावलं.

हनुमानने खडाखडा आकडे मांडले आणि खाली लिहिलं, 'नऊ'. लिहून झाल्यावर तो मॅडमकडे बघत उभा राहिला. मॅडम काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याने आपणहून उजवा हात पुढे केला, पेरं वर करून. मागे सगळी डोकी बाकाखाली गेली.

"हात कशाला पुढं केलास?" मॅडमनी विचारलं.

"चुकलं असंल ना."

"चुकलं, हे तुला कसं कळलं?"

"तुमी गप बसल्या म्हणून."

 मॅडमनी खुर्ची फिरवली आणि फळ्याकडे पाठ करून बसल्या. "आता माझं तोंड तुला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "आता सांग, बरोबर हाय का चूक?"

हनुमान घामाघूम झाला. मारापुढे न डगमगलेलं ते पोरगं, पण आता त्याला बघायला कुणाचं मनगटच नव्हतं.

"ऊसतोडीला गेलतास का कधी?" मॅडमनी पाठमोरंच विचारलं.

"गेलतो. दर सालीच."

"टोळीतली दोन माणसं तापानं पडली, तर फड लवकर उरकतो का उशिरा?"

"उशिरा. लई उशिरा. मुकादम शिव्या घालतो."

"मग आठ माणसांना बारा दिवस लागले, अन् सहा माणसांनी नऊ दिवसांत कसं उरकलं?"

हनुमानने वळून फळ्याकडे बघितलं. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो. त्या खोलीत एखाद्या पोराने स्वतःचं गणित स्वतः वाचलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ज्याने हातात कोयता धरून ऊस तोडला, तो पोरगा फळ्यावर लिहून बसला होता की माणसं कमी झाली की काम लवकर संपतं. इतकं साधं त्याला माहीत नव्हतं असं नाही. भीतीने ते त्याच्या हातापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

त्याने मला उचललं, पुसायला. "पुसू नको," मॅडम म्हणाल्या. "राहू दे तसंच. शेजारी लिही, तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते."

हनुमानने बराच वेळ घेतला. मग वाकड्या अक्षरात लिहिलं, 'माणसं कमी झाली म्हणून मी दिवस बी कमी केले. मला घाई झाली. मार बसंल वाटलं.' आणि त्याखाली नवं गणित मांडून सोळा दिवस काढले.

मॅडमनी मला उचललं आणि कपाटावर ठेवून दिलं. माझा अपमान कसा झाला म्हणून सांगू! मी पुसणारा, आणि इथे कुणी पुसतच नव्हतं. दिवस संपल्यावर ओल्या फडक्याने फळा पुसला जायचा, तोही सगळ्यांनी चुका बघून झाल्यावर.

तुम्हाला वाटेल, मार थांबला म्हणजे पोरं शहाण्यासारखी वागायला लागली. छे! माराची भीती गेली आणि वर्ग उधळला. पोरांनी मला कपाटावरून काढलं आणि चेंडूसारखं एकमेकांवर फेकलं. बंकटचा ओठ फुटला. वैष्णवी नावाच्या मुलीची वेणी कुणीतरी बाकाला बांधली आणि ती उठली तेव्हा केसांचा पुंजका उपटून निघाला. हनुमानने त्या पोराला भिंतीवर आपटलं. वैष्णवीची आजी वच्छलाबाई शाळेत आली आणि मॅडमनाच म्हणाली, "तुमी हात कावून उगारत न्हाई? मारल्याबिगर कोणाचं पोरगं शिकलंय का?" पोरंही तेच म्हणायची. "म्याडम, सर मारायचे तवा आमाला यायचं. तुमी बी मारा."

मॅडमचे डोळे त्या दिवशी भरून आले होते. पण त्यांनी मला हातात घेतलं नाही. त्यांनी वर्गाला एकच नियम घातला. काहीही करायचं ते आधी मोठ्याने बोलायचं. दिलेलं काय, ते बोला. काढायचं काय, ते बोला. रीत कोणती, ती बोला. आणि उत्तर आलं की ताळा करायचा, म्हणजे जे काढायचं होतं तेच निघालं का, ते तपासायचं. फळ्यावरच्या पोराने उत्तर लिहिलं की वर्गाने एका सुरात विचारायचं, "ताळा?"

हे पोरांना आवडलं. ओरडायला मिळत होतं ना! हळूहळू "ताळा?" त्यांच्या तोंडातच बसलं. मधल्या सुट्टीत कुणी म्हणालं, माझ्या मामाकडे विमान आहे, की चारी बाजूंनी आरोळी यायची, "ताळा?" वैष्णवी तर चूक सापडली की खूश व्हायची. आपल्या गणिताला गोल करून लिहायची, 'इथं मी धरून चालले. दिलेलं नव्हतं.' हनुमान मोठ्याने बोलत बोलत गणितं सोडवू लागला. उजवा कान फळ्याकडे करून तो पहिल्या बाकावर बसायचा. पण मधूनच तो कपाटाकडे बघायचा, माझ्याकडे. त्याचा राग जिथल्या तिथे होता.

आणि एक दिवस वर्गात कुणी नसताना त्याने मला दप्तरात घातलं.

मित्रांनो, ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस. शाळा सुटली की हनुमान ओढ्याच्या काठी जायचा आणि एका बाभळीवर मला फेकायचा. माझ्याच भाऊबंदावर! पहिल्या काही फेकी हुकल्या. मग हात बसला. मी खोडावर आपटायचो, साल उडायची, आतला लालसर भाग उघडा पडायचा. हनुमान पुटपुटायचा, "कपाळ. कपाळ. कपाळ." त्याच्या हातात सरांपेक्षा जास्त जोर होता.

दप्तरातून मी त्याचं घरही ऐकलं. त्याचा बाप सटवा फडावर निघायच्या तयारीत होता. हनुमान त्याला म्हणाला, "दादा, सरावर तक्रार करू. माझा कान गेलाय." उत्तराआधी थप्पड आली, चुलीपाशी काहीतरी सांडल्याचा आवाज आला.

"सरानं मारलं म्हंजे तुझीच चूक असंल," सटवा म्हणाला. "अध्यक्षाचा मेहुणा हाय तो. गावात ऱ्हायचं हाय का न्हाई आपल्याला?"

हनुमान रडला नाही. त्याने दप्तरात हात घातला आणि माझा कोपरा घट्ट धरला. मी मनात म्हणालो, आता फार दिवस नाहीत.

आणि तो दिवस आला. अध्यक्ष शाळा बघायला येणार होते. गहिनीनाथ सर सकाळपासून प्रत्येक वर्गात डोकावत होते. दहावीच्या दारात ते थबकले. फळ्यावर वैष्णवीचं चुकलेलं गणित होतं, त्याला गोल केलेला होता, बाजूला लिहिलेलं होतं, 'इथं मी चुकले, कावून चुकले ते शोधतेय.'

"हा काय उकिरडा हाय?" सर आत आले. "पाव्हणे येणार, अन् फळ्यावर चुका? कोणाचंय हे?"

वैष्णवी उभी राहिली.

"पूस."

"सर, तिचा ताळा बाकी आहे," पंचशीला मॅडम म्हणाल्या. "ती चूक शोधतेय. पुसली तर शोधणार कशी?"

"तुमी मला शिकवता का?" सरांनी मॅडमना खांद्याने असं ढकललं की त्या टेबलावर आदळल्या. त्यांनी वैष्णवीची मानगूट धरली, तिचं तोंड फळ्यावर दाबलं आणि गाल फिरवायला सुरुवात केली. जुनीच रीत. वैष्णवीच्या बांगड्या फळ्यावर फुटल्या. काच मनगटात गेली आणि फळ्यावर पांढऱ्यात लाल रेघ उमटली.

मी दप्तरातून बाहेर आलो. हनुमान बाकावर उभा होता. मी त्याच्या मुठीत, मूठ कानामागे ओढलेली, आणि समोर पाच-सहा हातांवर सरांचं कपाळ, उघडं, घामाने चमकणारं. बाभळीच्या खोडाहून जवळ. नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. मी आतून ओरडत होतो, फेक! फेक रे!

सरांनी वैष्णवीला सोडलं. त्यांनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला.

"हनुमान," मॅडम टेबलाला धरून उठल्या. त्यांनी त्याचा हात धरला नाही. "आधी बोल. मोठ्यानं बोल, मग कर."

हनुमानची मूठ खाली आली नाही. पण तोंडाला सवय झाली होती, ते सुरू झालं. "दिलेलं," तो म्हणाला. "ह्यानं माझा कान फोडला. डावा. मी नुसतं इचारलं होतं, कसं करायचं म्हणून." त्याचा आवाज चिरकला. "काढायचं..."

तो थांबला. 

"काढायचं काय, हनुमान?" वैष्णवीने विचारलं. तिच्या एका गालावर खडू होता आणि मनगटातून रक्त येत होतं.

"मला ऐकू यायला पायजे," हनुमान म्हणाला. "पयल्यासारखं."

"रीत?" बंकटने विचारलं.

"हा डस्टर ह्याच्या कपाळात."

आणि मग सगळा वर्ग, न ठरवता, हळू आवाजात म्हणाला, "ताळा?"

 हनुमानच्या तळव्याचा घाम माझ्या लाकडात उतरत होता. मग तो एकेक शब्द जोडत बोलला. "ह्याचं कपाळ फुटतं. लई रक्त येतं. मला पोलीस नेतात. अन् माझा कान... कान तसाच ऱ्हातो." त्याने डोळे पुसले. "जुळत न्हाई. उत्तर येगळंच येतंय. रीत चुकली. दुसरी काढावी लागंल."

तो बाकावरून उतरला, चालत पुढे गेला आणि त्याने मला सरांच्या समोर टेबलावर ठेवलं.

मी चिडलो होतो, मित्रांनो. इतकी वर्षं वाट बघून हे? पण सर माझ्याहून जास्त चिडले होते. पोरांदेखत घाबरलेला माणूस फार वाईट असतो. त्यांनी मला उचललं आणि सगळा जोर लावून हनुमानवर फेकलं.

मी हवेत असताना सवयीने वर्गाकडे बघितलं. मला वाटलं, आता सगळी डोकी खाली जातील. एकही गेलं नाही. बंकट वाकला नाही, वैष्णवी वाकली नाही. हनुमान समोर होता, तोही वाकला नाही. मी त्याच्या खांद्याच्या हाडावर कोपऱ्याने बसलो, हाड वाजलं, तो गुडघ्यावर आला. मी फरशीवर पडलो, जुवाच्या दिवसापासूनचा तो तडा उघडला आणि माझे दोन तुकडे झाले.

हनुमानने दातओठ खात एक तुकडा उचलला, उभा राहिला आणि सरांकडे बघत म्हणाला, "आता दिलेलं वाढलं."

सर वळले आणि गेले. जाताना त्यांचा पाय दारात अडखळला.

दुसरी रीत सोपी नव्हती. सटवा फडावर जायचा थांबला, त्याबद्दल मुकादमाने त्याला चारचौघांत लाथ घातली. तरी मुलाचा सुजलेला खांदा बघून तो सोबत यायला तयार झाला. वैष्णवीची आजी आली, हातात नातीच्या फुटलेल्या बांगड्या घेऊन. पंचशीला मॅडम सगळ्यांबरोबर बीडला शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्यायला गेल्या. अधिकाऱ्यांसमोर सटवा आधी खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "साहेब, मी बी त्याला मारलं. मला वाटलं, चूक त्याचीच. मी इचारलंच न्हाई कधी, कावून मारलं म्हणून." चौकशी लागली. अध्यक्षांनी आरडाओरडा केला, मॅडमच्या घरावर दगडही पडले, पण चौकशी थांबली नाही. गहिनीनाथ सर आता शाळेत नाहीत. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

माझा एक तुकडा पुरावा म्हणून बीडच्या कुठल्यातरी कपाटात बांधून ठेवला आहे. हा दुसरा, जो तुमच्याशी बोलतोय, तो दहावीच्या वर्गात टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. टेबल डुगडुगत नाही. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. जू झालो, दरारा झालो, आणि शेवटी टेबलाखाली! पण इथून फळा चांगला दिसतो. आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी भार कुणाची मान न मोडता उचलतोय.

हनुमानचा कान परत आला नाही, येणारही नाही. तो उजवा कान पुढे करून बसतो. परवा त्याचं गणित पुन्हा चुकलं, चांगलंच चुकलं, आणि तो स्वतःवर इतका चिडला की त्याची मूठ वळली. मग त्याने मूठ उघडली आणि खडू उचलला.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाच्या तुकड्याने तुम्हाला काय सांगावं? तरी एक मागणं आहे. चूक झाली की ती लगेच पुसू नका, स्वतःचीही आणि दुसऱ्याचीही. तिच्याकडे नीट बघा, तिला विचारा, तू इथे आलीस कशी. आणि हात उचलायच्या आधी एकदा मोठ्याने बोला, आपल्याला नेमकं काय काढायचं आहे.

आमच्या वर्गात पोरं अजून रोज चुकतात. पण चुकल्यावर ती आता टेबलाकडे बघत नाहीत. फळ्याकडे बघतात.